जुन्या काचेच्या दुधाच्या बाटल्या : जमवणं, ओळखणं, विकणं (अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार येणारे प्रश्न)

मी न्यू जर्सीत राहते, बारा-तेरा वर्षं झाली जुन्या अमेरिकन डेअऱ्यांच्या बाटल्या जमवतेय आणि ज्या डबल होतात त्या विकते. दर रविवारी कोणीतरी फोटो पाठवतं, "ताई, ही गराज सेलला मिळाली, काही किंमत आहे का?" आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मी अगदी नवीन आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही राहता त्या गावापासून करा. अगदी मनापासून सांगते, याहून चांगली सुरुवात नाही. साधारण १९०० ते १९६० या काळात अमेरिकेत जवळपास प्रत्येक गावाला स्वतःची डेअरी होती, काही गावांना पाच-सहा होत्या, आणि प्रत्येकाची नाव घातलेली बाटली. म्हणजे तुमच्या एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनीच्या आसपास आज जिथे अपार्टमेंट्स आणि आपली किराणा दुकानं आहेत तिथे गायी चरत होत्या, आणि त्याचा हातात धरता येईल असा पुरावा म्हणजे ही बाटली. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न "गाव कुठलं?" असतो ना, बाटलीलाही तोच विचारायचा. जमवणारे लोक गावानुसार, काउंटीनुसार, राज्यानुसार जमवतात, त्यामुळे किंमतही (प्रश्न १३) त्यावरच ठरते.

एकदम पन्नास बाटल्या घेऊ नका. पाच घ्या, हातात धरून तळ, ओठ (म्हणजे तोंडाची कड), शिवण (साच्याच्या जोडाची रेघ) सगळं बघा. डोळा तयार व्हायला सहा महिने लागतात.

२. दुधाची बाटली मुळात आली कधी? आधी दूध कशात मिळायचं?

आधी गवळी घोडागाडीवर मोठे कॅन घेऊन यायचा आणि मापाने तुमच्या भांड्यात ओतायचा, अगदी आपल्याकडच्या भैय्यासारखं. कॅनचं झाकण दिवसभर उघड-बंद, रस्त्याची धूळ, पाऊस, सगळं दुधात. न्यू यॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम गावचे डॉ. हर्वी थॅचर यांनी १८८४ च्या सुमारास काचेची बाटली आणली. गोष्ट अशी सांगतात की एका लहान मुलीची चिंध्यांची बाहुली गवळ्याच्या कॅनमध्ये पडली, त्याने ती काढून दिली आणि पुढचं माप ओतलं, आणि हे थॅचरनी पाहिलं. गोष्ट खरी की रचलेली, मला सांगता येणार नाही, पण दुधाचा विषय आला की ती निघतेच.

पहिल्या बाटल्यांना तारेच्या कडीचं काचेचं झाकण होतं. खरा बदल १८८९ मध्ये झाला, जेव्हा 'कॉमन सेन्स मिल्क जार' आली. तिच्या तोंडाच्या आत एक छोटी कड असते आणि त्यावर मेणाचा कागदी गोल चकती-बूच बसतो. ही कड तुम्हाला पुढच्या पन्नास-साठ वर्षांच्या जवळपास सगळ्या बाटल्यांत दिसेल, बोट आत घालून बघा, लगेच लागते.

३. माझी बाटली किती जुनी आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि एका खुणेवरून कधीच ठरवायचं नाही, तीन-चार खुणा जुळल्या पाहिजेत.

आधी शिवण बघा. साच्याच्या दोन भागांमुळे बाजूला उभी रेघ असते. ती ओठाच्या अगदी वरपर्यंत गेली असेल तर बाटली मशीनची, आणि ओठाच्या खालीच विरून गेली असेल तर ओठ हाताने केलेला, म्हणजे बहुतेक १९१० च्या आधीची. मग तळ बघा. दुधाच्या बाटल्या रुंद तोंडाच्या म्हणून त्या बऱ्याचदा आधी दाबून मग फुंकायच्या पद्धतीने बनायच्या आणि त्या मशीनची तळाला एक छोटी गोल वर्तुळासारखी खूण राहते, साधारण नाण्याएवढी. मायकेल ओवेन्सच्या पूर्ण ऑटोमॅटिक मशीनने केलेल्या बाटल्यांच्या तळाला मात्र मोठा, वेडावाकडा, पिसासारख्या कडेचा व्रण असतो. ते मशीन १९०३ च्या सुमाराचं.

आकार पण बोलतो. गोल बाटली बहुतेक १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, चौकोनी त्यानंतरची, कारण चौकोनी बाटल्या ट्रकमध्ये आणि फ्रिजमध्ये जास्त मावतात. पण छोट्या डेअऱ्यांनी जुने गोल साचे पुढेही वापरले, तेव्हा गोल म्हणजे जुनीच असा हट्ट धरू नका. रंगीत छापील अक्षरं असतील तर १९३० च्या दशकातली किंवा नंतरची, कारण तो प्रकारच तेव्हा आला (प्रश्न ४). तळावर लपेटदार अक्षरांत 'ड्युराग्लास' लिहिलेलं असेल तर १९४० च्या आधीची नाही, हे पक्कं.

यापलीकडे डेअरी कधी सुरू झाली, कधी बंद पडली हे शोधा. गावाच्या लायब्ररीत जुन्या डिरेक्टऱ्या असतात आणि तिथल्या बायका, माझा अनुभव आहे, अशा प्रश्नाने इतक्या खूश होतात की तुमच्या आधी त्याच शोधायला लागतात.

४. उठावाची अक्षरं आणि रंगीत अक्षरं, यात फरक काय? चांगली कुठली?

उठावाची म्हणजे काचेतच वर आलेली अक्षरं, यांना एम्बॉस्ड म्हणतात. डेअरीचं नाव कोरलेली एक सुटी प्लेट साच्यात बसवायचे, म्हणजे एकाच साच्यातून शंभर डेअऱ्यांच्या बाटल्या निघायच्या, फक्त प्लेट बदलायची. म्हणून नावाभोवती एक गोल कड दिसते, ती त्या प्लेटची कड. नवीन लोकांना तो तडा वाटतो, तडा नाहीये.

रंगीत म्हणजे पायरो. रंगीत इनॅमल जाळीतून छापून भट्टीत पक्कं केलेलं. लाल, नारिंगी, निळा, हिरवा, काळा. पुढच्या बाजूला डेअरीचं नाव आणि मागे चित्र किंवा ओळ, गाय, बाळ, "दूध प्या" टाइप. दोन रंगांची महाग, तीन रंगांची फारच कमी. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या युद्ध-बाटल्या, ज्यांवर वॉर बाँड (युद्धखर्चासाठीचे सरकारी कर्जरोखे) घ्या असं आवाहन आणि विमानं, सैनिक, 'व्ही' असं छापलंय, त्यांच्यामागे दुधाच्या बाटल्या जमवणारेही लागतात आणि युद्धाच्या वस्तू जमवणारेही, त्यामुळे भाव चढतो.

चांगली कुठली हे विचारू नका, दोन्ही. मला स्वतःला एम्बॉस्ड आवडतात कारण अंधारातही बोटांनी वाचता येतात, पण विकायला पायरो सोपी, फोटोत उठून दिसते.

५. तळाला आणि खालच्या कडेला अक्षरं-आकडे आहेत, त्यांचा अर्थ काय?

तो बहुधा काच कारखान्याचा शिक्का, डेअरीचा नाही. लोक तळावरचं अक्षर डेअरीचं समजून शोधत बसतात आणि काहीच सापडत नाही. थॅचर कंपनी, लँब ग्लास (ओहायो), युनिव्हर्सल (वेस्ट व्हर्जिनिया), लिबर्टी (ओक्लाहोमा), ओवेन्स-इलिनॉय, ही मोठी नावं. ओवेन्स-इलिनॉय १९२९ ला झाली, तिचा जुना शिक्का म्हणजे चौकटीच्या पत्त्यासारख्या आकारावर लंबगोल आणि मध्ये 'आय', त्याच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा आणि उजवीकडचा वर्षाचा. फक्त एकच आकडा असेल, समजा ८, तर १९३८ की १९४८ हे प्रश्न ३ मधल्या बाकी खुणांवरून ठरवायचं. मॅसॅच्युसेट्सच्या बाटल्यांवर 'मास. सील' असतं, तो माप बरोबर असल्याचा राज्याचा शिक्का.

६. साइज किती प्रकारच्या असतात?

क्वार्ट म्हणजे ९४६ मिली, पाइंट ४७३, हाफ पाइंट २३७, आणि गिल ११८ मिली. क्वार्ट सगळ्यात जास्त सापडते. हाफ पाइंट बऱ्याचदा क्रीमची किंवा शाळेतली. गिल दिसायला खेळण्यासारखी असते आणि हॉटेल-रेल्वेत कॉफीबरोबर क्रीम द्यायला वापरायचे, ती छोटी म्हणून स्वस्त असेल असं समजू नका.

७. माझ्या बाटलीचा गळा वर फुगलेला आहे, हा डिफेक्ट आहे का?

नाही हो, तुमचं नशीब आहे! ती क्रीम-टॉप. तेव्हा दूध होमोजनाइज (क्रीम वेगळं होऊ नये म्हणून एकजीव) करत नसत, त्यामुळे बाटली उभी ठेवली की क्रीम आपोआप वर यायचं. इथे आपल्या लोकांचा एक गोंधळ होतो, ते म्हणतात वर साय यायची. साय नव्हे. आपली साय दूध तापवून गार झाल्यावर येते, जाड पापुद्र्यासारखी, चमच्याने उचलता येते. हे क्रीम थंड दुधातच वर तरंगतं आणि पातळ असतं, ओतता येतं. आजी विरजणासाठी साय जमवायची ती वेगळी गोष्ट आणि हे वेगळं, जरी दोन्हीचं शेवटी लोणीच होतं.

तर १९२० च्या दशकात फुगीर गळ्याच्या बाटल्या आल्या. त्या फुग्यात क्रीम बसायचं आणि खाली दूध, मध्ये वाकड्या दांड्याचा एक खास चमचा घालून गळा बंद करायचा आणि वरचं क्रीम ओतून घ्यायचं. तो चमचा सापडला तर सोडू नका, बाटलीपेक्षा तोच दुर्मिळ. गिऱ्हाइकाला क्रीमची रेघ बाहेरूनच दिसायची, म्हणजे दुधात पाणी घातलंय की नाही हा संशय मिटवायची ही पद्धत होती, आणि दुधात पाणी हा विषय काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

याच प्रकारात फुग्यावर बाळाचा चेहरा असलेली बेबी-टॉप, १९३० च्या दशकातली, आणि पोलिसाचा चेहरा असलेली 'कॉप द क्रीम'. दोन्हींना चांगला भाव आहे आणि म्हणूनच दोन्हींच्या बाबतीत प्रश्न ९ आधी वाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर होमोजनाइज्ड दूध सगळीकडे झालं आणि क्रीम वर यायचंच थांबलं, मग या बाटलीला काही कामच उरलं नाही.

८. रंगीत काचेच्या बाटल्या जास्त महाग असतात का?

तपकिरी बाटली उन्हापासून दुधाची चव वाचवायला केलेली, आणि चौकोनी तपकिरी बाटल्या बऱ्याच मिळतात, त्यामुळे तपकिरी दिसली की धावायचं नाही. गोल तपकिरी कमी. हिरवी खरोखर दुर्मिळ, मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर गावच्या 'आल्टा क्रेस्ट फार्म्स'ची हिरवी क्वार्ट प्रसिद्ध आहे, एखाद्या शोमध्ये दिसली तर निदान हातात घेऊन बघा.

जांभळीबद्दल थोडं थांबून वाचा. पहिल्या महायुद्धाआधी काच पांढरी दिसावी म्हणून त्यात मँगनीज घालायचे, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. फिकट, लव्हेंडरसारखी. महायुद्धानंतर मँगनीजऐवजी सेलेनियम आलं. तर गडद वांग्यासारखी जांभळी बाटली म्हणजे कोणीतरी मुद्दाम किरणोत्सर्ग देऊन केलेली. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी अशीच एक घेतली, विकणाऱ्याने खिडकीत उन्हात पन्नास वर्षं होती असं सांगितलं, आणि ती १९३० नंतरची होती जेव्हा तसा रंग येणं शक्यच नव्हतं. ९० डॉलर गेले. तिचं मूळ रूप कायमचं गेलं याचं वाईट मला त्या पैशांपेक्षा जास्त वाटलं, कारण एकदा रंग बदलला की त्या बाटलीचं खरं वय सांगणारी एक खूण पुसली जाते.

९. नकली बाटली कशी ओळखायची?

तीन प्रकार आहेत. एक, शोभेची नवी बाटली. 'अ‍ॅब्सोल्यूटली प्युअर मिल्क' लिहिलेली, गाय पिळणाऱ्या माणसाचं चित्र असलेली बाटली तुम्हाला दर दुसऱ्या दुकानात दिसेल, थॅचरच्या पहिल्या बाटलीची ती नक्कल. अक्षरं गुळगुळीत-बोथट, काच एकसारखी चकचकीत, तळाला झिजेची एक रेघही नाही. खरी बाटली लोखंडी क्रेटमध्ये शेकडो वेळा ये-जा केलेली असते, तिच्या तळाला आणि खांद्यावर झीज असणारच.

दोन, खरी जुनी कोरी बाटली आणि तिच्यावर नंतर छापलेलं चित्र. खरा पायरो भट्टीत भाजलेला असतो, तो नेलपॉलिश रिमूव्हरने जात नाही. कापसावर एक थेंब घेऊन कोपऱ्यात लावा, रंग कापसावर आला तर नकली. पण हे स्वतः विकत घेतलेल्या बाटलीवरच करा, दुसऱ्याच्या मालावर प्रयोग नको.

तीन, रंग बदललेली, तिचं प्रश्न ८ मध्ये सांगितलंय. आणि आजही काही डेअऱ्या काचेच्या बाटलीत दूध विकतात, डिपॉझिट घेऊन, रुंद प्लास्टिक झाकणाच्या. त्या नकली नाहीत पण जुन्याही नाहीत.

१०. साफ कशी करू? डिशवॉशरमध्ये घातली तर?

डिशवॉशर नको. नको म्हणजे नकोच. पायरोचा रंग फिका होतो आणि काच कायमची धुरकट होते. कोमट पाणी (गरम नाही, थंडीत गराजमधून आणलेली बाटली गरम पाण्यात घातली तर तडकते), थोडं भांड्याचं लिक्विड, बाटलीचा ब्रश. ब्रश पोचत नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, साबणाचं पाणी, तोंडावर हात ठेवून घुसळा. आमच्याकडे लोणच्याची बरणी अशीच धुवायचे, तीच युक्ती.

आत पांढरे डाग असतील तर ते दुधातलं कॅल्शियम, पांढरं व्हिनेगर रात्रभर भरून ठेवा. मात्र बाटली जमिनीत पुरलेली होती आणि काच दुधाळ-इंद्रधनुषी झालीय, तर तो डाग नाही, काचच झिजलीय, ती घरी निघत नाही. काही लोक तांब्याच्या तुकड्यांबरोबर मशीनमध्ये फिरवून पॉलिश करतात, पण ते केलं असेल तर विकताना सांगा. आणि पायरोवर घासणी, टूथपेस्ट, बेकिंग सोडा काहीही घासू नका, फक्त मऊ कापड.

११. यात दूध किंवा ताक ठेवून प्यायलं तर चालेल का?

मी ठेवत नाही. जुन्या इनॅमल रंगात शिसं असू शकतं, आणि जुन्या काचेत न दिसणारे बारीक तडे असतात. फुलं ठेवा, शेल्फवर ठेवा. लहान मुलं असतील तर वरच्या शेल्फवर.

१२. कुठे मिळतात? आणि भाव कसा करायचा?

न्यू जर्सीवाल्यांना लँबर्टव्हिलचं गोल्डन नगेट फ्ली मार्केट जवळ. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅडम्सटाउनला रविवारी. मॅसॅच्युसेट्समधलं ब्रिमफील्ड वर्षातून तीनदा, मे, जुलै, सप्टेंबर, तिथे एकदा तरी जा, सकाळी सहाला टॉर्च घेऊन फिरणारे लोक बघायलाच मजा येते. पण माझ्या सगळ्यात चांगल्या बाटल्या इस्टेट सेलमध्ये तळघरातून निघाल्यात, लोक हॉलमधलं फर्निचर बघत असतात तेव्हा सरळ बेसमेंटमध्ये जायचं, पेंटच्या डब्यांच्या मागे बघायचं. भाव करायला लाजू नका पण आदराने, "दोन घेतल्या तर कितीला द्याल?" हे वाक्य पुरतं. ज्यांना नेटाने शिकायचंय त्यांनी दुधाच्या बाटल्या जमवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं सभासद व्हा, तिथले आजोबा लोक भरभरून शिकवतात.

१३. माझ्या बाटलीची किंमत किती?

फोटोवरून पक्का आकडा मी देत नाही, पण अंदाज असा. साधी चौकोनी, मोठ्या डेअरीची, ५ ते १० डॉलर. गोल एम्बॉस्ड क्वार्ट, नाव-गाव स्पष्ट, १० ते २५. चांगल्या चित्राची गोल पायरो २० ते ६०. बेबी-टॉप, युद्ध-बाटली, याच्या वर, आणि काही फार वर. हे मी स्वतः घेतलेल्या-विकलेल्या बाटल्यांवरून सांगतेय.

किंमत ठरते ती मात्र वयावर नाही. १९१० ची बोस्टनच्या मोठ्या डेअरीची बाटली १२ डॉलरला जाते आणि १९५० ची एखाद्या चिमुकल्या गावची, जिथे डेअरी तीनच वर्षं चालली, ती ८० ला. कारण मोठ्या डेअरीच्या लाखो बाटल्या होत्या, आणि छोट्या गावच्या उरल्या चार-पाच, आणि त्या गावात वाढलेला माणूस आज फ्लोरिडात बसून तीच शोधतोय. गाव, डेअरी, चित्र, मग कंडिशन (प्रश्न १४), मग वय, या क्रमाने बघा.

१४. तडा, चिप, ओरखडे असतील तर?

ओठावर छोटी चिप असेल तर साधारण बाटलीची किंमत अर्धी होते. उभा तडा असेल तर विकायला काढूच नका, गावाच्या हिस्टॉरिकल सोसायटीला द्या. क्रेटची झीज असणारच, ती दोष नाही. पायरोचा रंग किती टक्के उरलाय ते महत्त्वाचं, आणि ते कोरड्या बाटलीवर बघायचं, ओल्या बाटलीवर सगळेच रंग ताजे दिसतात. विकणारा बाटली पुसून ओलसर हातात देत असेल तर थोडं थांबा.

१५. विकायची असेल तर लिस्टिंग कशी लिहू?

शीर्षकात सगळ्यात आधी गाव आणि राज्य, मग डेअरीचं नाव, मग साइज, गोल-चौकोनी, रंग. घेणारा गावाचं नाव टाकून शोधतो, "सुंदर जुनी बाटली" टाकून कोणी शोधत नाही. फोटो खिडकीजवळ, मागे पांढरा कागद, एम्बॉस्डसाठी आत काळा कागद गुंडाळून घाला, अक्षरं लगेच उठतात. तळाचा फोटो, ओठाचा फोटो, आणि दोष असेल त्याचा सगळ्यात मोठा फोटो. दोष लपवून विकलेली बाटली परत येते, येताना फुटते, आणि भांडण वेगळं.

कितीला घेतली, कितीला विकली ही वही ठेवा. थोडं जास्त विकायला लागलात की टॅक्सवाल्याला विचारा, जमवलेल्या वस्तूंच्या नफ्याचे नियम शेअर्सपेक्षा वेगळे आहेत.

१६. पोस्टाने पाठवताना फुटतात, काय करू?

डबल बॉक्स. बाटलीच्या आत कागद कोंबा, बाहेर बबल रॅप तीन वेढे, तो छोट्या बॉक्समध्ये, छोटा बॉक्स मोठ्यात, मधल्या जागेत सगळीकडून दोन इंच भर. हलवून बघा, आवाज आला तर परत उघडा. दोन बाटल्या एकमेकींना टेकता कामा नये. इतकंच.

१७. बाटलीवर "ही आमची मालमत्ता, धुवून परत करा" असं लिहिलंय, मग विकणं चोरी नाही का?

प्रश्न खूप प्रामाणिक आहे आणि मला आवडतो. खरंच तेव्हा बाटली डेअरीचीच असायची, गिऱ्हाइकाकडे फक्त फिरायला यायची. दुसऱ्याची बाटली भरून विकणाऱ्या डेअऱ्यांवर कायदे होते, आणि शहरांत चुकलेल्या बाटल्या गोळा करून ज्याच्या त्याला परत करणाऱ्या संस्थासुद्धा होत्या. 'स्टोअर बॉटल' आणि ३ किंवा ५ सेंट लिहिलेलं असेल तर ती दुकानातून डिपॉझिटवर दिलेली. आज त्यातल्या बहुतेक डेअऱ्या बंद होऊन पिढ्या गेल्या, आणि या बाटल्या उघडपणे शोमध्ये, लिलावात विकल्या जातात. डेअरी अजून चालू असेल आणि बाटली आताच्या डिपॉझिटची असेल तर मात्र ती परतच करा.

१८. कागदी झाकणं वेगळी जमवतात का?

हो, आणि जागा कमी असेल तर तीच जमवा, एका अल्बममध्ये हजार मावतात. न वापरलेली झाकणं नळकांड्यात भरलेली सापडतात, गावाचं नाव, दिवसाचं नाव, सगळं छापलेलं. नव्वदच्या दशकात इथे वाढलेल्या मुलांना पॉग्ज आठवतील, तो खेळ हवाईमध्ये या दुधाच्या झाकणांनीच खेळायचे आणि नाव एका ज्यूसच्या झाकणावरून आलं, पॅशनफ्रूट, ऑरेंज, ग्वावा. जुनं झाकण बाटलीत घट्ट बसवून ठेवू नका, काढताना फाटतं.

१९. नाव आहे पण गाव नाही, किंवा नुसतं आडनाव आहे. काय करायचं?

अवघड केस. 'सनीसाइड डेअरी' नावाच्या डेअऱ्या कितीतरी राज्यांत होत्या, आपल्याकडे 'श्रीकृष्ण दुग्धालय' गल्लोगल्ली असतं तसं. आधी तळाचा काच कारखाना बघा (प्रश्न ५), कारण काच जड आणि वाहतूक महाग, म्हणून डेअऱ्या शक्यतो जवळच्या कारखान्यातून घ्यायच्या. फोन नंबर असेल तर त्याच्या लांबीवरून गाव केवढं होतं ते कळतं, तीन आकडी म्हणजे छोटंच. मग बाटली कुठे सापडली ते विचारा. म्हणून माझी एक विनंती आहे, जिथे घेतली ते गाव आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून बाटलीत टाका. अगदी दोन ओळी. माझ्याकडे पंधरा-वीस बाटल्या अशा आहेत ज्यांची चिठ्ठी मी तेव्हा लिहिली नाही आणि आता त्या कुठल्या हे सांगणारं कोणी नाही.

आणि नाव-गाव काहीच नसलेली कोरी बाटली? छोटे शेतकरी स्वस्त पडते म्हणून कोरी घ्यायचे आणि फक्त झाकण छापून घ्यायचे. ती फुलदाणी म्हणून छान.

२०. आपल्या आरेच्या बाटल्या मिळतात का? त्यांना काही भाव आहे?

हा प्रश्न मुंबईत वाढलेले पन्नाशीपुढचे सगळे विचारतात आणि मी त्यातलीच एक. गिरगावात सकाळी अंधारात सेंटरवर रांग, हातात कार्ड आणि जाळीच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या, रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, आणि वर ते चकचकीत फॉइलचं झाकण जे आम्ही जपून ठेवायचो, गणपतीच्या मखराला लावायला.

आरे कॉलनी १९४९ मध्ये उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. गोठे शहरातून उचलून एका जागी आणण्याच्या या सगळ्यामागे मुंबईचे तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी होते, म्हशीच्या घट्ट दुधात स्निग्धांश नसलेली दूध पावडर आणि पाणी मिसळून स्वस्त टोन्ड दूध करण्याची पद्धतही त्यांचीच, आणि १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे मिळालं. अमेरिकेत शंभर गावांच्या शंभर डेअऱ्या आणि शंभर बाटल्या, मुंबईत अख्ख्या शहराला एक बाटली, हा फरक मला फार मोठा वाटतो.

मग इतक्या होत्या तर गेल्या कुठे? परत द्याव्या लागायच्या ना. घरात उरल्याच नाहीत, पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि बाटल्या भंगारात फुटून गेल्या. चोर बाजारात मटन स्ट्रीटला विचारून बघा, मी दोन फेऱ्यांत एकच मिळवली. 'एनर्जी'ची बाटली वेगळी, ती आरेच्याच सुगंधी दुधाची, विकणारा तीच आरेची दुधाची बाटली म्हणून दाखवेल, तेव्हा नाव वाचून घ्या.

अमेरिकेत त्यांना भाव नाही, कारण इथे घेणारा कोण, आपणच. इथे आणायला कायद्याची अडचण येऊ नये, भारतातला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा मुख्यतः १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना लागतो आणि आरेची कुठलीच बाटली तेवढी जुनी नाही. सामानात आणताना साडीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, मी नऊवारीत आणली. आणि कोणाकडे दुसरी असेल, चिप असलेली चालेल, रंग गेलेली चालेल, तर विकू नका, मला कळवा, माझी एक हाफ पाइंट बेबी-टॉप मी बदल्यात द्यायला तयार आहे.